येणाऱ्याच्या उजव्या हाताला

पौष महिना, गुरुवार, सकाळ. वेशीत हजर असलेली माणसं: माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या शेजारी बसणारी लिंबं-मिरच्यांवाली म्हातारी. उंद्रीहून कांदे घेऊन आलेला गाडीवान आणि त्याची बैलजोडी. मेथी निवडून घेणारी दोन गिऱ्हाइकं. आणि मी, मळ्यातली शेवटची टोपली उतरवून शाळेच्या वाटेला लागणार होते. थोड्या वेळानं आणखी एक गृहस्थ आले, पण ते चौघांच्या खांद्यावर होते.

हजेरी आधी लिहिली, कारण पुढे त्या सकाळबद्दल गावात जो तो आपापलं सांगू लागला, आणि सांगणाऱ्यांतले बरेचसे तिथे नव्हतेच.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. मळा नवरा आणि दीर बघतात, पण कोणत्या दिवशी काय तोडायचं, कोणती टोपली कोणी न्यायची, बियाणं कधी आणायचं, हे माझ्याकडे. सकाळी यादी करायची, काम झालं की त्यावर रेघ मारायची, संध्याकाळी कागद चुलीत. ज्यावर रेघ बसली नाही ते दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर. एवढी साधी पद्धत. आत्याबाई तिला हसतात.

"लिवल्यानं वांगं मोठं होते का वं?"

"नाही होत, पण तोडायचं राहत नाही."

"माह्या सासूनं कधी लिवलं नाई. तिचं काई राह्यलं नाई."

आता वेस सांगते. गावाच्या पूर्वेला दगडी वेस आहे. पाहुणा आला की त्याला वेस दाखवायची आणि चहा पाजायचा, याहून दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. बाहेरून पाहा की आतून, ती सारखीच दिसते: तीच कमान, तेच दोन बुरूज, वर तेच दगडी कंगोरे. कमानीच्या आत, भिंतीच्या जाडीत, समोरासमोर दोन देवड्या आहेत. म्हणजे पूर्वी पहारेकरी बसायचे ते दगडी ओटे. बाहेरून गावात शिरताना उजव्या हाताची देवडी भाजीवाल्यांची. तिच्या समोरची विसाव्याची. स्मशानात नेताना तिरडी तिथे क्षणभर टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे होतात, मागचे पुढे, एक खडा ठेवतात आणि उचलतात. येणाऱ्याच्या उजव्या हाताला भाजी, जाणाऱ्याच्या उजव्या हाताला विसावा. हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक. विसाव्याच्या देवडीवर कोणी बसत नाही, डोक्यावरचं ओझंही टेकवत नाही. तिथे ठेवलेली भाजी कोणी घरी नेईल, हे तर सोडाच.

आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं हळद उतरताच त्यांना भाजीच्या देवडीवर नेऊन बसवलं. तेव्हापासून ती जागा त्यांची. दगड गार असतो, वरून ऊन लागत नाही, त्यामुळे पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकत नाही. आत्याबाईंना त्या जागेचा अभिमान होता, पण त्या तसं म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "तठीसा सांबार टवटवीत राह्यते." तठीसा म्हणजे तिथे, आणि कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. नगरपालिकेच्या सभागृहाला नवा रंग दिला होता आणि भिंती मोकळ्या दिसत होत्या. अध्यक्षांना कोणीतरी सांगितलं, एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आपल्या वेशीचा जुना फोटो आहे. अध्यक्षांनी पत्र घातलं, फोटोची प्रत आली, ती चौकटीत बसली आणि अध्यक्षांच्या खुर्चीमागे लागली. खाली पेंटरनं रंगवलेली पट्टी: "आपली वेस. बाहेरून दिसणारे दृश्य."

सगळं गाव बघून आलं. मीही मुलींना रांगेनं नेऊन आणलं. फोटो काळा-पांढरा, पण स्वच्छ. मधे कमान. कमानीपलीकडे काही दिसत नव्हतं, नुसता पांढराफटक उजेड. देवड्या काळ्या सावलीत, आणि डावीकडच्या देवडीजवळ टोपल्या पुढे घेऊन बसलेल्या बायका. डोक्यावर पदर, माना खाली, चेहरे ओळखू न येणारे. त्या दिवशी मला त्यात काही खटकलं नाही. मुलींना मी कमानीचे दगड दाखवत होते.

खटकलं ते वेशीजवळच्या हॉटेलवाल्याला. तो दिवसभर कपबश्या विसळत असतो आणि त्याच्या जिभेला काही काम नसतं.

"मावशे," तो आत्याबाईंना म्हणाला, "फोटो पाह्यला का? तुह्या सासवा तर डाव्या देवडीवर बसून राह्यल्या. मुडद्याच्या!"

"तुह्या डोळ्यात चहा गेला काय बे?"

"आपल्या डोळ्यानं पाह्यलं. बाहेरून काढेल फोटो हाय, पट्टीवर लिवेल हाय. बाहेरून डावी म्हंजे कोणती? सांग बरं."

"माह्या सासूनं मले इथीसा बसोलं. तुह्या पट्टीच्या आधी बसोलं."

"मंग फोटो खोटा बोलते का?"

लिंबंवाली म्हातारी मधे पडली. "फोटो नाई बोलत, बाबू. तूच बोलून राह्यला. चहा उतू चालला पाह्य."

सगळे हसले आणि ते तिथेच संपायला हवं होतं. पण फोटो सभागृहात होता, पट्टी ठळक होती, आणि ज्यांना बैठकीत झोप यायची ते सभासद दर बैठकीला त्याच्याकडे बघत बसायचे. हळूहळू बोलणं असं झालं: पूर्वी भाजीवाल्या डावीकडे बसत असतील, तर पूर्वी विसावा उजवीकडे असणार. म्हणजे मधे कधीतरी अदलाबदल झाली. म्हणजे मूळचा विसावा आज भाजी विकली जाते तिथेच. आत्याबाईंच्या कानावर हे आलं की त्या टोपलीतल्या जुड्या उगाच उलट-सुलट करायच्या.  त्यांनी वाद वाढवला नाही ते बरंच, असं मला वाटलं. बोलणारे बोलून थकतील. गिऱ्हाईक तर कमी झालं नव्हतं.

आता त्या गुरुवारी खांद्यावरून आले त्यांच्याबद्दल. ते माडीवाल्यांच्या घरचे म्हातारे. शेती मोठी, घर माडीचं, म्हणून गाव त्या घराला माडीवाले म्हणतं. हिंडते-फिरते होते तोवर म्हातारे स्वतः पिशवी घेऊन वेशीत यायचे. गडी पाठवला तर चालायचं नाही. मेथीच्या काडीला नख लावून बघायचे, मग भरताची वांगी हातात तोलायचे.

"तुह्या वांग्यात बिया लय झाल्या, बाई."

"तुमच्या तोंडात दात नाई, आबाजी. बिया कायले मोजता?"

"हिरडीले टोचते न वं!"

हा संवाद थोड्याफार फरकानं रोज व्हायचा आणि दोघांनाही त्याचा कंटाळा नव्हता. शेवटचा पावसाळाभर ते अंथरुणाला होते. आत्याबाई निवडून वांगी पाठवत राहिल्या.

त्यांचा थोरला मुलगा नगरपालिकेत सभासद. शहाणा, कमी बोलणारा, कोणाच्या वाकड्यात न जाणारा माणूस. बापाची सेवा त्यानं स्वतःच्या हातानं केली, गड्याच्या नाही. म्हाताऱ्यांनी जाताना त्याला एवढंच सांगितलं होतं म्हणे, माझं सगळं जुन्या रीतीनं कर. आणि तो माणूस रीत म्हटली की रीतच करणारा.

तर गुरुवारी सकाळी ढोलकी-टाळांचा आवाज आला. आत्याबाईंनी पदर सावरला, उभ्या राहिल्या, समोरच्या देवडीकडे तोंड करून हात जोडले. गाडीवानानं बैल भिंतीला घेतले. थोरला पुढे, हातात विस्तवाचं मडकं, डोळे लाल. कमानीत आल्यावर तो उजवीकडे वळला नाही. आमच्यासमोर येऊन थांबला.

"मावशी, टोपल्या उचला."

आत्याबाईंना कळलंच नाही. "काय म्हणतं, दादा?"

"बाबाले मूळच्या जागी ठेवाचं हाय. मूळचा विसावा हा होय. फोटोत सगळ्यायनं पाह्यलं."

"आपला विसावा तठीसा हाय, दादा. तुह्या आजीले तठीसाच टेकोलं होतं. मी हात जोडून उभी होती."

"थे चुकलं असन. बाबाचं चुकू नाई."

मागे तिरडी, तिच्यामागे गाव. खांदेकऱ्यांच्या माना लाल झालेल्या. तिरडीपुढे कोण वाद घालणार? आत्याबाई वाकल्या आणि टोपल्या उचलायला लागल्या. मी एक घेतली, गाडीवानानं एक. लिंबंवालीनं आपलं अंथरलेलं चवाळं गोळा केलं तशी लिंबं घरंगळून बैलांच्या पायात गेली. सांबाराची एक जुडी दगडावर राहिली. तिरडी तिच्या शेजारी टेकली. खांदेकरी बदलले, थोरल्यानं खडा ठेवला, तो जुडीला लागूनच पडला. मग सगळे गेले. तिरडीवरचा गुलाल दगडावर सांडला होता आणि सांबाराच्या पानांवरही.

आत्याबाईंनी त्या दिवशी देवडी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, गोमूत्र शिंपडलं आणि जागेवर बसल्या. माणसं येत होती, "काय मावशी" म्हणत होती आणि पुढे जात होती. कोणी वाईट बोललं नाही. नेहमीची एक बाई थांबली, मेथी हातात घेतली, दगडाकडे पाहिलं आणि "सासूले विचारून येतो" म्हणून गेली. तिची सासू वारल्याला बरेच दिवस झाले होते.

आठवडाभर टोपल्या भरलेल्या परत आल्या. गुरांनी मेथी खाल्ली, वांगी आम्ही खाल्ली. मग आत्याबाई वेशीबाहेरच्या कडुलिंबाखाली बसायला लागल्या. तिथे सकाळी सावली असते, नंतर नसते. ओलं फडकं घालूनही पालेभाजी सुकते. लोक तिथे थोडंफार घेत. दिरानं सुचवलं, सरळ खामगावच्या बाजारात माल पाठवू. आत्याबाई म्हणाल्या, माल पाठवा, मी येत नाही. मी वेशीतली हाय.

मी यादीत लिहिलं: फोटोचा छडा लावणे.

एक गोष्ट मला पटत नव्हती. आत्याबाईंची सासू, तिची सासू, या बायका गावाच्या डोळ्यांदेखत विसाव्यावर भाजी विकतील कशा? आणि देवड्यांची अदलाबदल झाली असती तर त्याची काहीतरी कथा राहिली असती. आमच्याकडे विहिरीचा रहाट बदलला तरी त्याची कथा राहते. मी शाळेतून रजा काढली. मोटारीनं खामगाव, तिथून रेल्वेच्या छोट्या गाडीनं जलंब, जलंबहून मोठ्या गाडीनं पुढे. सोबत दशम्या, चटणी, आणि नगरपालिकेच्या फोटोवरून मी पेन्सिलीनं काढून घेतलेलं चित्र.

निघताना आत्याबाई म्हणाल्या, "फोटोनं मोडलं. आता फोटोच जोडन का?"

"बघून तर येते."

"पाह्य. पण कोणाशी भांडजो नोको."

संग्रहालयातल्या गृहस्थांनी फार विचारपूस केली नाही. एक जाड पाकीट आणलं, त्यातला फोटो काढून टेबलावर ठेवला, आणि हात लावू नका, म्हणाले. मी हात मागे बांधून वाकले. पहिल्यांदा लक्षात आलं की हा फोटो आमच्या फोटोपेक्षा रुंद आहे. आमच्या चौकटवाल्यानं चौकटीत मावावा म्हणून उजवी कड कापून टाकली होती. त्या कडेला एक बाई होती. कमानीतून बाहेर पडून फोटो काढणाऱ्याच्या दिशेनं चालत येणारी. डोक्यावर टोपली, टोपलीच्या काठावरून मेथी लोंबलेली, एक हात वर टोपलीला लावलेला.

मी विचारलं, "याच्यावर काय लिहिलंय?"

त्यांनी मागची चिठ्ठी वाचली. "वेस. सकाळ. एवढंच आहे."

"बाहेरून की आतून, असं नाही?"

"नाही. तसं आम्ही कुठेच लिहिलेलं नाही."

सकाळ. भरलेली टोपली. आमच्या बायका सकाळी भरल्या टोपल्या घेऊन मळ्यातून गावात येतात. संध्याकाळी टोपल्या एकात एक घालून काखेत मारून बाहेर जातात. सकाळी भरली टोपली घेऊन वेशीतून येणारी बाई गावात येत असते, आणि ती फोटोवाल्याकडे येत होती, म्हणजे फोटोवाला गावात उभा होता. फोटो आतून काढलेला होता. आतून पाहताना डावी ती बाहेरून येणाऱ्याची उजवी. बायका आपल्याच देवडीवर बसल्या होत्या. आत्याबाईंच्या सासूनं त्यांना बरोबर बसवलं होतं.

त्या बसलेल्या बायकांत आत्याबाईंची सासू आहे का, ते मी बराच वेळ बघितलं. ओळखू आलं नाही. ओळखू आलं असं मी घरीही सांगितलं नाही.

कड न कापलेली प्रत पाठवा म्हणून अर्ज केला आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पेंटरला गाठलं.

"पट्टीवर 'बाहेरून' कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाई, बाई. पट्टी लांब होती. 'आपली वेस' लिवलं तर अर्धी पट्टी कोरी राह्यली. अध्यक्ष म्हणे, काहीतरी लिव, बरं दिसन."

"आणि बाहेरूनच का?"

"वेस माणूस बाहेरूनच पाह्यते न."

त्याच्यावर रागावता येईना. आम्ही शेकडो जणांनी ती पट्टी वाचली होती आणि एकाच्याही मनात दुसरं आलं नव्हतं. गावातले आम्ही दिवसभर वेस आतूनच बघतो, तरी.

प्रत टपालानं आली. सरळ अध्यक्षांकडे न्यायची, चौकट बदलायची, पट्टी नवी करायची, की काम संपलं. मी तसा क्रमही लिहून काढला होता. पण आधी माडीवाल्यांच्या थोरल्याला दाखवणं मला योग्य वाटलं. त्याला चारचौघांत कळू नये, एवढाच विचार.

तो ओसरीवर बसला होता. डोक्यावर नुकते केस फुटायला लागले होते. मी फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि टोपलीवाली बाई दाखवली. फार समजावून सांगावं लागलं नाही. तो आमच्याच गावचा. सकाळची भरली टोपली कुठे जाते ते त्याला माहीत होतं. तो त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिला.

"म्हंजे बाबाचा विसावा चुकला," तो म्हणाला.

 घरून निघताना मी सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून.

"तुमची जागा तुमाले भेटन, बाई. पट्टी बदलली का भेटन. मी काय बदलू? बाबाले पुन्हा खांद्यावर घेता येते का?"

आतून त्याच्या बायकोनं चहा आणला. त्यानं फोटो पालथा करून ठेवला.

"एक मागू का? बाबाचं वर्षश्राद्ध होऊ द्या. मंग लावा. तोवर गावात बोलू नका. लोक म्हणतीन, यानं बापाले आयुष्यभर सांभाळलं अन् शेवटी भाजीवाल्यायच्या जागी ठेवलं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. जागा त्यांची, निर्णय मी परस्पर दिला होता, त्यामुळे त्या चिडतील असं वाटलं. त्या वांगी पुसत होत्या.

"रडला का?"

"नाही. फोटो पालथा ठेवला."

"वर्सभर थांबू आपण," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: "हे पाह्य पोरी, पट्टी वाचून कोणी मेथी घेत नाई. माडीवाल्याच्या घरच्या एका जणानं तठीसा येऊन माह्यापासून भाजी नेली न, का सारं गाव येते. ज्यानं मुडदा ठेवला त्याच्याच हातची भवानी झाली पायजे. श्राद्धाले तर भाजी लागतेच. त्यानं तवा यावं. मंग तुह्या फोटोची गरजच नाई."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. त्यांचं म्हणणं मला पटलं. पट्टी लावली तर जागा परत मिळेल आणि तो माणूस गावाच्या तोंडी येईल. तो भाजी न्यायला आला तर जागाही मिळेल आणि त्याचाही मान राहील.

"मग मी जाऊन सांगते त्यांना, श्राद्धाची भाजी आमच्याकडून न्या म्हणून."

"अवं माय! सांगून आणलेलं गिऱ्हाईक भवानी होते का? आपणहून आलं पायजे."

ते वर्ष लिंबाखाली गेलं. चैत्र-वैशाखात आत्याबाई डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायच्या. हॉटेलवाला आता थट्टा करत नव्हता. दुपारी न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा. भाजीची देवडी रिकामी, विसाव्याची देवडीही रिकामी; दोन्हीकडे कोणी टेकत नव्हतं. गावात त्या वर्षी ज्या तिरड्या निघाल्या त्या कमानीत थांबायच्या आणि माणसं एकमेकांकडे बघायची. कोणी इकडे टेकवलं, कोणी तिकडे. एका घरानं टेकवलंच नाही, तसेच चालत गेले. नवा फोटो आणि पट्टी आमच्या ट्रंकेत तयार असताना हे बघणं सोपं नव्हतं. मी शब्द दिला होता.

पावसाळ्यात आत्याबाईंनी मळ्याच्या कोपऱ्यात कोहळ्याचा वेल लावला. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो; ते श्राद्धाला लागतंच. त्यातलं एक गोल, देखणं कोहळं त्यांनी विकलं नाही. गवत घालून कोनाड्यात ठेवलं. पाण्यावरची गवार पौषापर्यंत टिकवली. अळूची पानं मोठी होऊ दिली. कोणासाठी, ते घरात कोणी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी त्या देवडी धुऊन तिथे जाऊन बसल्या. वर्षात पहिल्यांदा. कोहळं पुढे, गवार, अळू, सांबार. लिंबंवाली म्हातारी तिकडे बघून लिंबाखालून उठली आणि आपलं चवाळं घेऊन शेजारी येऊन बसली. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. येणारे-जाणारे बघून जात होते. हॉटेलवाला दारात उभा. मला वाटतं सगळ्या गावाला माहीत होतं की काय चाललंय.

ऊन चढलं. मग बाहेरच्या रस्त्यानं माडीवाल्यांचा गडी सायकलवर आला. हँडलला दोन पिशव्या, मागे बांधलेलं कोहळं. खामगावच्या बाजारातलं. कमानीत खडबड आहे म्हणून त्याला उतरावंच लागलं.

लिंबंवालीनं हाक मारली. "कारे बाबू, भाजी कुठून आणली?"

"खामगावहून."

"काऊन? इथची नासली होती का?"

"मले नका विचारू, माय. मालकानं सांगतलं."

"तुह्या मालकाले डोळे नाई का?"

"म्हणलं न, मले नका विचारू." त्यानं आत्याबाईंकडे बघितलं, सायकल हातात धरून कमान ओलांडली आणि पलीकडे जाऊन टांग मारली.

आत्याबाई दुपारपर्यंत बसून राहिल्या. कोणी उशिरा आलं तर चुकामूक नको म्हणून, असं मला वाटलं. मग टोपलीत कोहळं ठेवलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपली उचलून द्यायला मला खुणावलं.  अंगणात आल्यावर म्हणाल्या:

"लाव तो फोटो."

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर सभागृहात गेले. पिशवीत नव्या चौकटीतला फोटो, 'आतून दिसणारे दृश्य' अशी पट्टी, हातोडी, खिळा. बैठक नव्हती. पण माडीवाल्यांचा थोरला तिथे होता, एकटाच, समोरच्या बाकावर बसून जुन्या फोटोकडे बघत.

"आलात?" तो म्हणाला. "लावा. मी शब्द मोडत नाई."

मी विचारायचं ठरवलं नव्हतं, पण विचारलं. "श्राद्धाची भाजी आत्याबाईंकडून का नाही नेली? दुपारपर्यंत वाट बघत होत्या त्या."

त्यानं मान खाली घातली. "कोणत्या तोंडानं येऊ? त्या दिवशी मी टोपल्या उचला म्हणलं, अन् मावशीनं उचलल्या. एक वाकडा शब्द बोलल्या नाई. शिव्या दिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी येऊन पाय धरले असते. गड्याले सांगतलं होतं, वेशीतून घे. मंग मीच त्याले अर्ध्या वाटेतून फिरोलं. मावशीच्या हातची गवार बाबाच्या पानावर वाढाची, अन् त्याच जागेवरून घेतलेली... नाई झालं, बाई."

त्यानं उठून एक खुर्ची भिंतीपाशी सरकवली, मला चढता यावं म्हणून.

"खिळा हाय का?"

खिळा माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "नाही. राहिला आणायचा."

घरी येऊन आत्याबाईंना त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. 

"मंग मी काय करू? त्याच्या बापाच्या तिरडीपुढं भांडू?" त्या म्हणाल्या. "आबाजी ऐकत असते न. वांग्यात बिया हाय म्हणले असते."

आणि मग, नेहमीच्या आवाजात, "लावला का फोटो?"

"खिळा मिळाला नाही."

"उद्या आणजो."

याला महिना होत आला. त्या लिंबाखाली बसतात, तो खामगावहून भाजी आणवतो, आणि संध्याकाळी मला तोच प्रश्न विचारला जातो. कोहळं अजून कोनाड्यात आहे, कोहळं टिकतं. परवा आणखी एक तिरडी कमानीत येऊन थांबली आणि खांदेकरी इकडे-तिकडे बघत उभे राहिले. पेंटरच्या चुकीनं सुरू झालेलं हे आता माझ्या पिशवीत येऊन अडकलंय, हे मला कळतं. आजची यादी: फोटो, मुलींच्या परकरांचं कापड बेतणे, गवारीचं बी वाळवणे, शाळेच्या मशीनला तेल. खालच्या तिन्हींवर रेघ बसली. खिळा पिशवीतच आहे. कापडात गुंडाळून ठेवलाय, नाहीतर तो शिवणाच्या दोऱ्यात अडकतो.